डेंग्यूचा ताप: दिवस मोजायचे कसे, कोणत्या दिवशी काय पाहायचं आणि चुका कुठे होतात

डेंग्यूच्या रुग्णाला घरी सांभाळताना सर्वात महागात पडणारी चूक ताप उतरल्यावर होते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग गार लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पाणी पाजायचं मागे पडतं, पुढची तपासणी रद्द होते. डेंग्यूत खरा धोका नेमका याच वेळी सुरू होतो. दुसरी चूक म्हणजे सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर ठेवणं आणि लघवी, पोटदुखी, हातापायांचा गारवा यांकडे कुणी न पाहणं.

हा आजार ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतो. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात. मग २ ते ७ दिवस ताप, त्यानंतर २४ ते ४८ तासांचा धोक्याचा काळ आणि शेवटी भरून येण्याचे दिवस. बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात. मात्र रुग्ण आज कोणत्या टप्प्यात आहे हे घरच्यांना ठाऊक असायला हवं. पुढची सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

## आधीची तयारी

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत एवढ्या वस्तू घरात असू द्या:

- डिजिटल थर्मामीटर. हात लावून ‘गरम वाटतंय’ म्हणणं इथे चालत नाही.
- ओआरएसची ८-१० पाकिटं. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते वाचा. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. दोन्हींची गल्लत झाली की द्रावण एक तर अति खारट होतं किंवा निरुपयोगी पातळ.
- साधं पॅरासिटामॉल, ज्यात दुसरं कोणतंही औषध मिसळलेलं नाही असं.
- खुणा असलेला मापाचा ग्लास किंवा १ लिटरची बाटली.
- मच्छरदाणी.
- एक वही आणि पेन.

वहीत सहा रकाने आखा: वेळ, ताप, काय आणि किती प्यायलं, लघवी, उलटी, औषध. डॉक्टरांसमोर ‘बरंच पाणी पितोय’ असं सांगण्यापेक्षा ही वही पुढे केली की निर्णय लवकर आणि बरोबर होतो.

रात्री दोन वाजता दाखल करायची वेळ आली तर कुठे जायचं, तिथे सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी) आणि रक्ताची सोय आहे का, हेही आधीच विचारून ठेवा. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८.

कोणकोणत्या रुग्णांनी घरी थांबू नये: एक वर्षाखालचं बाळ, गरोदर बाई, साठी ओलांडलेली व्यक्ती, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, फार स्थूल, सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे रुग्ण, आणि एकटे राहणारे किंवा दवाखान्यापासून फार लांब असलेले. यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि दाखल व्हायचं का ते त्यांना ठरवू द्यावं.

## टप्पा १: पहिला दिवस ठरवा

ज्या दिवशी ताप सुरू झाला तो दिवस पहिला. डॉक्टरांकडे गेलात तो नव्हे, रिपोर्ट आला तोही नव्हे. सोमवारी रात्री नऊला थंडी वाजून ताप भरला, तर सोमवार हा पहिला दिवस, गुरुवार चौथा, रविवार सातवा. धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो, म्हणजे या उदाहरणात बुधवार ते रविवार. कॅलेंडरवर या दिवसांना आत्ताच गोल करा.

बुधवारी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तिथून मोजायला सुरुवात केली, तर शुक्रवार ‘तिसराच दिवस’ वाटतो. खरा तो पाचवा असतो.

तपासा: अचानक चढलेला १०२–१०४ फॅरनहाइट ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, कंबर-सांधे-स्नायू ठणकणं, मळमळ, चेहरा लालसर होणं अशी सुरुवात असेल आणि सर्दी-खोकला फारसा नसेल, तर पावसाळ्यात डेंग्यूचा संशय धरूनच चाला. मात्र मलेरिया आणि चिखल-पाण्यात वावर असेल तर लेप्टोस्पायरोसिसही असाच सुरू होतो, आणि त्या दोन्हींवर नेमकी औषधं आहेत. त्यामुळे ‘डेंग्यूच असणार’ म्हणून तपासणी टाळू नका.

## टप्पा २: तापाचे दिवस

### औषध

डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध नाही. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. प्रौढांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. मुलांना वजनावर: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम होतात.

इथे सिरपची चूक वारंवार होते. एकाच औषधाची १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन सिरपं मिळतात (दोन्ही दर ५ मिलिलिटरला), आणि थेंबांचं औषध त्याहून बरंच तीव्र असतं. याच १२ किलोच्या मुलाला पहिलं सिरप ६ मिलिलिटर लागेल, दुसरं ३ मिलिलिटर. बाटली बदलली की माप बदलतं.

इशारा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, निमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीही देऊ नका. ताप ‘जोरात उतरवायला’ मेफेनॅमिकचं सिरप मुलांना सर्रास दिलं जातं. डेंग्यूत रक्त गोठायची ताकद आधीच कमी झालेली असते आणि ही औषधं जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. अंगदुखीसाठी कमरेत घेतलेलं इंजेक्शनही टाळा, कारण स्नायूत रक्त साकळतं. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट होतो, आणि डेंग्यूत यकृत आधीच सुजलेलं असतं. पाकिटामागची छोटी अक्षरं वाचा.

गोळीनंतरही ताप १०२च्या वर राहिला तर सहा तास व्हायच्या आत दुसरी गोळी देऊ नका. कोमट पाण्याने अंग पुसा. बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते आणि ताप आणखी चढतो.

### पाणी

औषधापेक्षा महत्त्वाचा भाग हा आहे. प्रौढांच्या पोटात दिवसभरात सगळं मिळून २ ते अडीच लिटर जायला हवं. मुलांचा अंदाज असा: १० किलोच्या मुलाला सुमारे १ लिटर, २० किलोच्या मुलाला सुमारे दीड लिटर. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांकडून घ्या.

नुसतं पाणी पीत राहणं पुरेसं नाही, कारण त्यात क्षार नसतात. निम्मं ओआरएस ठेवा, बाकी ताक, तांदळाची पेज, वरणाचं पाणी, शहाळं, लिंबू सरबत. एकदम ग्लासभर दिलं तर मळमळणारा माणूस ते बाहेर काढतो. दर १०-१५ मिनिटांनी चार-पाच घोट द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करा. बनवलेलं ओआरएस २४ तासांनंतर फेकून द्या, आणि ते उकळू नका.

लाल, काळी, तपकिरी पेयं या दिवसांत बंद: कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस, कोला. उलटी लाल दिसली तर ते रक्त की कोकम हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तो गोंधळ नको त्या वेळी होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

तपासा: दर ४ ते ६ तासांनी लघवी होतेय का, आणि तिचा रंग फिका आहे का? सहा तास लघवी झाली नसेल तर पाणी कमी पडतंय, मग बाकीचं कितीही ठीक दिसो.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांबद्दल प्रत्येक घरात विचारणा होते, म्हणून स्पष्ट लिहितो. आजाराचा धोका यांतल्या कशानेही टळतो असं सिद्ध झालेलं नाही. किवी खायला हरकत नाही. पानांचा कडू रस मात्र उलट्या वाढवतो, प्यायलेलं ओआरएस बाहेर पडतं, आणि उलट्या आजाराच्या की रसाच्या हे कळेनासं होतं. शेळीचं कच्चं दूध तर नकोच, त्यातून ब्रुसेलोसिससारखा दुसरा आजार लागू शकतो.

## टप्पा ३: तपासणी योग्य दिवशी

एनएस१ ही रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी पहिल्या ते पाचव्या दिवसापर्यंत उपयोगी. त्यानंतर ती निगेटिव्ह येऊ लागते, आणि ‘डेंग्यू नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, साधारण पाचव्या दिवसापासून सापडते. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह येणं साहजिक आहे. पट्टीवरची झटपट चाचणी फक्त अंदाज देते, पक्कं निदान प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीने होतं. सरकारने डेंग्यूवर नजर ठेवायला नेमलेल्या ‘सेंटिनल’ रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते, आणि तिथले आयजीएमचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात.

रिपोर्टची वाट पाहत काळजी घेणं थांबवू नका. रिपोर्ट काहीही आला तरी टप्पा २ आणि टप्पा ४ तसेच पाळायचे.

सीबीसी पहिल्या तीन दिवसांत एकदा करून घ्या. या पहिल्या रिपोर्टला पुढे फार किंमत आहे, कारण त्यातला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का (रिपोर्टवर एचसीटी किंवा पीसीव्ही असं असतं), हा रुग्णाचा स्वतःचा मूळ आकडा. पुढे रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागल्या की रक्तातला पातळ भाग पोटात आणि छातीत उतरतो, मागे राहिलेलं रक्त दाट होतं आणि एचसीटी चढतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ म्हणजे गळती चालू आहे. ४० वरून ४८ झाला तर सगळ्यांच्या लक्षात येतं. पण जिचं रक्त मुळात कमी आहे अशा बाईचा ३० वरून ३६ झाला, तर छापील ‘नॉर्मल’ मर्यादेशेजारी तो आकडा सुधारल्यासारखा दिसतो. गळती मात्र तेवढीच असते. पहिला रिपोर्ट नसेल तर ही गोष्ट निसटते.

म्हणून रिपोर्टमध्ये दोन आकडे एकत्र पाहा: प्लेटलेट झपाट्याने खाली आणि एचसीटी वर. ही जोडी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. नुसत्या प्लेटलेट ८० हजार आहेत, एचसीटी जागच्या जागी आहे, रुग्ण पितोय, लघवी करतोय, तर डॉक्टर घाई करत नाहीत आणि ते बरोबरच आहे. रक्तस्राव नसताना फक्त आकडा लाखाखाली गेला म्हणून प्लेटलेट चढवायच्या नसतात. त्यासाठी डॉक्टरांमागे लागू नका.

सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा. यंत्रात प्लेटलेटचे पुंजके एकच मोजले गेले की आकडा खोटा कमी येतो. रुग्ण ठणठणीत आणि आकडा अचानक २० हजार, असं झालं तर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करायला सांगा.

## टप्पा ४: ताप उतरतो तेव्हा

ताप गोळीने उतरला की आपोआप, हे आधी पाहा. पुढची गोळी द्यायच्या आधी थर्मामीटर लावा. सहा-आठ तास गोळी नाही आणि तरी पारा १००च्या खाली, म्हणजे आजार पुढच्या टप्प्यात शिरला. इथून ४८ तास रुग्णाला एकटं सोडू नका, रात्रीही. ऑफिस, शाळा, प्रवास काही नाही. सीबीसी रोज.

बरं होणाऱ्या माणसाचा ताप उतरतो आणि त्याबरोबर भूक लागते, चेहरा उजळतो, तो उठून बसतो. ताप उतरूनही माणूस मलूल पडला असेल, तर ती सुधारणा नाही.

पुढचं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या:

- पोटात सतत दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं
- २४ तासांत तीन किंवा अधिक उलट्या
- हिरड्या किंवा नाकातून रक्त, उलटीत रक्त, काळी डांबरासारखी शौच, पाळी नेहमीपेक्षा जास्त जाणं
- गुंगी, किंवा उलट विनाकारण अस्वस्थपणा आणि चिडचिड. लहान मूल सारखं किरकिरत असेल तर ‘हट्ट करतंय’ म्हणून सोडू नका.
- हातपाय गार आणि घामट
- उभं राहिल्यावर चक्कर
- धाप लागणं, पोट फुगणं
- सहा तास लघवी नाही

घरी करता येण्याजोग्या दोन तपासण्या दर चार तासांनी करा.

नखाची तपासणी: बोटाचं नख दाबून पांढरं करा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. जास्त वेळ लागला आणि हातही गार असेल तर लगेच निघा.

बीपीची तपासणी: घरात यंत्र असेल तर वरचा आकडा एकटा पाहून निर्धास्त होऊ नका. दोन आकड्यांतला फरक पाहा. १००/८२ हा आकडा वरवर ठीक वाटतो, पण फरक फक्त १८ आहे. फरक २० किंवा त्याहून कमी होणं हे शॉकचं (शरीराला रक्तपुरवठा कमी पडण्याचं) चिन्ह आहे. वरचा आकडा पडायच्या आधी हे दिसतं, आणि वाचवायला वेळ असतो तो एवढाच.

इशारा: डेंग्यूच्या शॉकमधला रुग्ण बऱ्याचदा पूर्ण शुद्धीवर असतो. बोलतो, प्रश्नांना उत्तरं देतो, ‘मला काही होत नाही’ असंही म्हणतो. तो बोलतोय यावर विसंबू नका. नख, हात आणि लघवी पाहा.

दवाखान्यात सलाईन मोजून, एचसीटी आणि लघवी पाहून दिलं जातं. कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशी, तोंडाने नीट पिणाऱ्या माणसाला ‘ताकद यावी म्हणून’ दोन बाटल्या लावून घेणं उपयोगाचं नाही, आणि पुढच्या टप्प्यात तेच अंगाशी येतं.

## टप्पा ५: भरून येण्याचे दिवस

गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्तात येतं. भूक परतते, लघवी भरपूर होते. अंगावर लालसर पुरळ आणि मध्ये पांढरे ठिपके दिसतात, तळहात-तळपाय खाजतात. नवीन अ‍ॅलर्जी समजून घाबरू नका, हे बरं होण्याचं लक्षण आहे. नाडीही थोडी मंद चालते.

जबरदस्तीने पाणी पाजणं आता थांबवा, तहान लागेल तसं द्या. सलाईन अजून चालू असेल आणि धाप लागली तर नर्सला लगेच सांगा.

घरी सोडण्याआधी तपासा: गोळीशिवाय ४८ तास ताप नाही, प्लेटलेट चढत्या, एचसीटी स्थिर, भूक आणि लघवी नीट. यांतलं एक जरी नसेल तर घाई नको.

थकवा दोन-चार आठवडे राहू शकतो. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, ते पुन्हा येतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेला आजार त्याच प्रकारापासून वाचवतो, बाकी तिघांपासून नाही, आणि दुसऱ्या प्रकाराची लागण पहिल्यापेक्षा गंभीर व्हायची शक्यता जास्त असते. डॉक्टर बदलले तर ‘आधी डेंग्यू झाला होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

## टप्पा ६: घरातला दुसरा रुग्ण टाळा

हे काम ताप आल्याच्या पहिल्या दिवशी सुरू होतं, शेवटी नाही. पहिले पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्याला चावलेला डास ८ ते १२ दिवसांनी इतरांना आजार द्यायला लागतो, त्यावर ४ ते १० दिवस ताप यायला. दोन-तीन आठवड्यांनी त्याच घरात किंवा शेजारी दुसरा रुग्ण निघतो तो असा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी सर्वात जास्त. म्हणून रुग्ण दुपारी झोपला तरी मच्छरदाणीत.

मग आठवड्याचा एक ठरलेला कोरडा दिवस. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आठवडा चुकवला तर डासांची एक नवी पिढी तयार होऊन उडते. क्रम असा:

१. पाणी पूर्ण ओता, जमिनीवर किंवा झाडांना. गटारात अळ्या गेल्या तरी चालतील असं समजू नका.

२. आतल्या भिंती काथ्याने किंवा ब्रशने घासा. बहुतेक घरं हीच पायरी गाळतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी बदललं की तीच अंडी नव्या पाण्यात फुटतात.

३. भांडं उन्हात पालथं घाला, पूर्ण वाळल्यावरच भरा.

४. झाकण घट्ट बसवा. पिंपावर नुसतं ताट ठेवू नका. कापड बांधायचं तर ते मधोमध लोंबून पाण्याला टेकणार नाही असं ताणून बांधा.

नजरेआड राहणाऱ्या जागा: फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा, मनीप्लँटची बाटली, कूलर, न वापरलेल्या कमोडची टाकी, गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं. पाणी दोन-तीन दिवसांआड येणाऱ्या गावांत साठवण टाळता येत नाही. तिथे मोठा हौद रिकामा करणं शक्य नसेल तर गप्पी मासे सोडा किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून अळीनाशक टाकून घ्या.

धूर फवारणीने त्या वेळी उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. आठवड्याभरात नवे डास तयार. हा डास सहसा जन्मलेल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, म्हणून तुमच्या घरात डेंग्यू निघाला तर आधी स्वतःचं घर, गच्ची आणि जिन्याखालची जागा तपासा, मग शेजारच्या दोन-तीन घरांना त्याच दिवशी सांगा. टॉर्च घेऊन जा. पाण्यावर प्रकाश पडला की अळ्या खाली बुडतात. एक मिनिट हात न हलवता थांबलात तर श्वास घ्यायला परत वर येताना दिसतात.